नाहीतर हिरवा

एका तालुक्याच्या गावी केळुसकर सर नावाचे एक वृद्ध शिक्षक राहत असत. चाळीस वर्षे त्यांनी मुलांना संगणकाची भाषा शिकवली होती. बोलणे मोजके, आणि शिष्याची स्तुती तर त्याहून मोजकी. त्यांच्या हाताखाली शिकलेली शाल्मली धुरी नावाची एक मुलगी होती. बुद्धीने तल्लख, हाताने नीटनेटकी. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाने तिच्यावर एक काम सोपवले, आणि ते तिने दोन महिन्यांत पुरे केले.

तालुक्यात अकरा ठिकाणी लशींचे फ्रिज होते. लस दोन ते आठ अंशांतच टिकते. त्याहून अधिक उष्णता लागली की ती पाण्यासारखी निरुपयोगी होते. आणि दुःखाची गोष्ट अशी, की बिघडलेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच असते. म्हणून प्रत्येक फ्रिजमध्ये एक सेन्सर बसवला, आणि त्याने पाठवलेला आकडा शाल्मलीच्या ॲपवर येऊ लागला. मात्र पडद्यावर आकडा दिसत नसे, एक रंगीत वर्तुळ दिसत असे. आत आकडा, बाहेर रंग, आणि या दोहोंच्या मध्ये शाल्मलीने लिहिलेला एक छोटासा रूपांतरक. आकडा बदलला की रूपांतरक त्याचा रंग ठरवी आणि पडदा आपोआप बदले. परिचारिकांना आकडेमोड करावी लागू नये, नुसती नजर टाकली की कळावे, हा त्यामागचा सद्हेतू.

ॲप सुरू होऊन महिना झाला, तेव्हा तालुका आरोग्य अधिकारी डॉ. रुकैया इनामदार यांनी छोटासा समारंभ ठेवला आणि केळुसकर सरांना पाहुणे म्हणून बोलावले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अकरा वर्तुळे झळकत होती. अकराही हिरवी. प्रत्येकाखाली एकच शब्द : सुरक्षित. टाळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, "सर, तुमच्या विद्यार्थिनीने आमची झोप परत दिली. दोन शब्द बोला."

सर उठले, पण ध्वनिक्षेपकाकडे गेलेच नाहीत. कोपऱ्यात कार्यालयाचा स्वतःचा लशींचा फ्रिज होता, तिकडे ते चालू लागले. वाकले, सेन्सरची बारीक वायर बोटात धरली आणि हिसका देऊन उपटून काढली.

"अहो सर, हे काय करताय!" एक परिचारिका ओरडली.

वायरचे तुटके टोक हातात धरून सर पडद्याकडे पाहत राहिले. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. एक मिनिट गेले. दोन गेली. कार्यालयाचे वर्तुळ हिरवेच होते. सुरक्षित.

शाल्मलीला प्रथम हायसे वाटले. बरे झाले, काही बिघडले नाही! आणि दुसऱ्याच क्षणी तिला उमगले. बिघडले होते, पडद्याला ते दिसले नव्हते.

"रूपांतरकात काय लिहिलं आहेस, शाल्मली? सगळ्यांना कळेल असं सांग," सर शांतपणे म्हणाले.

"दोनपेक्षा कमी असेल तर निळा. आठपेक्षा जास्त असेल तर तांबडा. नाहीतर हिरवा."

"आणि आकडाच आला नाही तर?"

उत्तर भिंतीवर होते.

डॉ. इनामदार खुर्चीवरून उठल्या. "शाल्मली, बाकीच्या दहांचं काय? रंग नको मला. आकडे दाखव."

तिने मागची नोंद उघडली. नऊ केंद्रांचे आकडे ठीक होते. दहावे केंद्र घाटपायथ्याचे. तिथली जागा रिकामी होती. आजची, कालची, परवाची. मागे मागे जात ती सहा दिवसांपूर्वीच्या शेवटच्या आकड्यापाशी पोचली. ते सहाही दिवस पडद्यावर ते वर्तुळ हिरवे होते.

डॉक्टरांनी तिथल्या परब सिस्टरना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"सिस्टर, फ्रिज चालू आहे?"

"हो मॅडम, ॲपवर हिरवा आहे ना."

"ॲप राहू दे. फ्रिज उघडा. आतला थर्मामीटर वाचा."

पावले ऐकू आली. दार उघडल्याचा आवाज.

"मॅडम..." सिस्टरचा आवाज ओळखू येईना. "मॅडम, तेवीस आहे. आतला दिवाही लागत नाही. मधे दोन दिवस वीज नव्हती, त्यातच फ्रिजही गेला असेल आणि सेन्सरही. पूर्वी मी रोज दोनदा थर्मामीटर बघून लिहायचे हो. ॲप आल्यापासून..."

"या सहा दिवसांत लस कोणाकोणाला दिली?"

"तीन तान्ही बाळं. आणि एक सात वर्षांची मुलगी. पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं तिला. दोन इंजेक्शनं झाली तिची."

शाल्मली मटकन खाली बसली. एका शब्दाने, तिने लिहिलेल्या एका 'नाहीतर'ने, एका मुलीच्या अंगात दोनदा नुसते पाणी गेले होते.

पाचच मिनिटांत बर्फाच्या पेटीत चांगली लस घेऊन डॉक्टर जीपमध्ये बसल्या. सर शाल्मलीला म्हणाले, "ऊठ. तूही जा. तिथं तुझी गरज नाही, पण तुला तिथं जाण्याची गरज आहे."

घाटपायथ्याच्या केंद्रात मुलगी आधीच आणली होती. पोटरीवर पट्टी, हातात अर्धे खाल्लेले बिस्कीट. तिच्या वडिलांना काही समजेना. "पुन्हा पहिल्यापासून? का हो, मग आधीची दोन?"

डॉक्टर सांगायला लागल्या, तोच शाल्मली पुढे झाली. "दादा, आधीची लस बिघडलेली होती. ती बिघडली हे कळायला हवं होतं. ते कळवायचं काम माझं होतं, आणि मी ते चुकीचं केलं."

तो माणूस तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. रागावला असता तर तिला सोपे गेले असते. त्याने एवढेच विचारले, "पोर वाचेल ना?"

"वेळ गेलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आज कळलं म्हणून. आणखी काही दिवसांनी कळलं असतं, तर मी असं म्हणू शकले नसते."

संध्याकाळी शाल्मली सरांच्या घरी आली. पायरीवरच बसली. म्हणाली, "सर, मी पहिल्यांदा करडा रंग ठेवला होता. आकडा नसेल तर करडा, खाली 'माहिती नाही'. पण ॲप उघडताना आकडा येईपर्यंत क्षणभर सगळी वर्तुळं करडी दिसायची. लोक विचारायचे, हे काय? बंद आहे का? मला ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणून काढून टाकला."

सर तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "बाळ, रूपांतरक हा दुभाषा असतो. आतल्याची भाषा बाहेरच्याला समजेल अशी करून सांगणे, हा त्याचा धर्म. आतला बोलला तर दुभाष्याने रंगाने सांगावे, शब्दाने सांगावे, त्याला सगळी मुभा आहे. पण आतला गप्प असेल, तर त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार दुभाष्याला नाही. तेव्हा त्याने 'तो गप्प आहे' इतकेच सांगायचे. तू मौनाचा अनुवाद 'होय' असा केलास. तो तुझ्या अज्ञानातून झाला नाही. संकोचातून झाला. आतला गप्प झाला की पडदा काय म्हणतो, ते मला पाहायचे होते, म्हणून मी भाषणात बोललो नाही, वायर उपटली. भाषण तू वहीत उतरवून घेतलं असतंस."

शाल्मली उठली आणि त्यांच्याच टेबलापाशी बसून रूपांतरक नव्याने लिहू लागली. सरांनी दिवा तिच्याकडे सरकवला आणि ते आत निघून गेले.

मुलीची सगळी इंजेक्शने यथाकाल पुरी झाली. ती शाळेत जाते. तिन्ही बाळांनाही लस पुन्हा दिली गेली.

पुढे एका दुपारी शाल्मलीच्या पडद्यावर एक वर्तुळ करडे झाले. कोणी काही विचारण्याआधीच तिने त्या केंद्राला फोन लावला होता. तिकडच्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, उंदराने वायर कुरतडलेली दिसते. काळजी करू नकोस, फ्रिज ठीकच असणार."

"असणार नको, सिस्टर," शाल्मली म्हणाली. "थर्मामीटर बघून सांगा. मी थांबते."

ती थांबली. पलीकडे दार उघडले.

"पाच."

तेव्हा कुठे तिने फोन ठेवला. ज्याचे उत्तर आपल्यापाशी नाही, त्या प्रश्नापुढे 'ठीक आहे' असे लिहू नये. जागा रिकामी आहे एवढे दिसले, तरी कोणीतरी उठून पाहायला जाते.