सुवार्ताचं राहिलेलं पद

एका गावात एक गोड गळ्याची मुलगी होती. नाव सुवार्ता. तिला एकाच गोष्टीची भूक होती. आपल्या पदाला लोकांनी एकदा तरी ‘वन्स मोअर’ द्यावा!

नाताळात चर्चचा तरुण संघ जुनं संगीत नाटक करी. काही म्हातारे नाकं मुरडत, “ख्रिस्ती पोरांना राजाराणीचं कसलं हो वेड?” पाळकसाहेब हसून म्हणत, “गळा प्रभूनंच दिलाय ना? मग गाऊ द्या की!” अट एकच होती. संध्याकाळच्या उपासनेची घंटा झाली की पडदा पडलाच पाहिजे.

लहानपणापासून सुवार्ता सतरंजीवर बसून दुसऱ्यांचे वन्स मोअर ऐकत आली होती. यंदा ती राणी झाली. राणीला पद एकच, तेही अगदी शेवटी. वर्षभर ती भाकऱ्या थापताना तेच गुणगुणत होती.

नाटकाचा दिवस उजाडला. पाहुण्यांच्या हारतुऱ्यांनी आधीच निम्मा वेळ खाल्ला. राणीची सखी झालेली केतुरा पद गायला उभी राहिली आणि ऐन तानेत बिचारीचा आवाज चिरकला. मागच्या टवाळ पोरांना तेवढंच हवं होतं.

“वन्स मोअर!” पोरं ओरडली. मांडव खदखदून हसला.

केतुरा तिथंच थिजली. मान वर होईना, पाय हलेना.

विंगेत पेटीवर शांतवनकाका होते. शेजारी उभ्या राणीला ते हळूच म्हणाले, “सुवार्ता, घंटेला थोडाच वेळ उरलाय. हे पद परत घेतलं तर तुझं राहील बघ. मी पुढचा प्रवेश सुरू करू?”

“हो” म्हटलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. सुवार्ताचा जीव तुटला. वर्षभराचं गाणं ओठांशी आलं होतं हो! पण समोर केतुराचा खालचा ओठ थरथरत होता.

सुवार्ता रंगमंचावर गेली. तिनं केतुराचा हात धरला.

“सखे, रसिक पुन्हा मागताहेत. चल, दोघी मिळून देऊ.”

दोघी गायल्या. केतुराचा आवाज आधी कापला, मग सावरला. टवाळ पोरं गप्प झाली आणि खऱ्या टाळ्या पडल्या. राणी सिंहासनावर बसते न बसते तोच घंटा झाली.

“काका, दोनच ओळी!” सुवार्ता काकुळतीला आली.

“घंटा म्हणजे घंटा, पोरी.” काकांनी पेटी मिटली. त्यांनाही वाईट वाटलं.

उपासनेत सुवार्ता डोळे मिटून म्हणाली, “प्रभू, माझं पद राहिलं.” एवढीच तिची प्रार्थना झाली.

नंतर रिकाम्या मांडवात ती पडद्याच्या घड्या घालू लागली. राहवेना, म्हणून ते पद तिनं हळू आवाजात गायलं. संपलं तशी पुढच्या सतरंजीवरून कोणीतरी म्हणालं,

“वन्स मोअर!”

केतुरा बसली होती.

सुवार्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हातातला पडदा खाली ठेवला, रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली आणि पद पुन्हा घेतलं.

तात्पर्य: टाळीची आस धरणं पाप नाही, पण पडलेल्या सोबत्याला ओलांडून ती घेऊ नये. त्याच्यासाठी जे सोडलं, ते प्रभू वाया जाऊ देत नाही.