हासू तांडेलानं बंदर सरळ केलं

पुष्कळ पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की समुद्र तेव्हा तरणाबांड होता आणि खेकडे बोलायचे. पोरांनो, चुळबुळ नको. म्हाताऱ्यांनो, घोरणं नको!

डोंगराच्या दोन हातांच्या मिठीत एक बंदर होतं. बाहेर समुद्र कितीही उसळो, आत पाणी कसं, ताटातल्या पेजेसारखं निवांत. पण बंदराच्या तोंडाशी एक काळा खडक ठाण मांडून बसलेला. आत यायचं तर शीड उतरवा, होडी तिरकी करा, वळसा घाला.

त्या गावात हासू तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. याच्या मिशा मात्र होडीपेक्षा मोठ्या! त्यानं नवी होडी बांधली, पिवळीधमक. नवी होडी पहिल्यांदा आत येताना बाया किनाऱ्यावर ओवाळायला उभ्या राहायच्या. त्यांना बघून हासूनं ऐटीत शीड भरलेलंच ठेवलं. आणि खर्रर्र!

"अगो बाय, हासूनं खडकाला हळद लावली!" बाया खिदळल्या.

हासूच्या मिशा थरथरल्या. "याला फोडतोच!"

गावही हुरळलं. सरळ वाट कोणाला नको? ओहोटीला खडकावर लाकडं पेटवायची, दगड तापला की गार पाणी ओतायचं. तडाड्! रोज कपच्या उडायच्या, रोज ढोल वाजायचा.

खडकाच्या फटीतली कुर्ली खेकडी बिऱ्हाड उचलून निघाली. जाता जाता म्हणाली, "हासूदादा, तुझी होडी वळून आत येते. लाटेला वळता येत नाय, म्हणून ती बाहेर राहते."

"चल गं, कालवणात घालीन!" हासू गरजला.

अखेर खडक गेला. हासू भरल्या शिडानं बाणासारखा आत शिरला. काय तो थाट!

मग एका दुपारी आभाळ काळवंडलं, वारा पिसाळला. होड्या बंदरात धावल्या. सवयीप्रमाणे त्या ढिल्या दोरांनी बांधून माणसं जेवायला बसली. बंदरात कसली भीती?

लाट आली. शीड उतरवणं नाही, वळसा नाही. सरळ! तिनं हासूची होडी उचलली, किनारा ओलांडला आणि थेट त्याच्याच चुलीवर आपटली. होडीचे दोन तुकडे, भाताच्या टोपात सुकाणू!

"हिलापण वाढू काय?" त्याची बायको धर्मीबाय भिंतीला चिकटून ओरडली.

ओहोटी लागताच हासूनं डोक्यावर धोंडा घेतला आणि बंदराच्या तोंडाशी नेऊन टाकला. मागून सारं गाव. फोडायला एक उन्हाळा पुरला होता. रचायला मात्र पुढे हासूच्या नातवंडांनाही धोंडे वाहावे लागले.

म्हणून सांगतो: दारात आडव्या बसलेल्याला उठवण्याआधी, तो कोणाला अडवून बसलाय ते बघावं.