केरबाने शोधलेला फोटो

सांगितलेलं सगळं ऐकतो आणि तरीही सगळं बिघडवतो, असा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नसेल पाहिला तर हिंगणमाळच्या केरबाची गोष्ट ऐका. पाहिला असेल तरी ऐका, कारण केरबा त्याच्याही पुढचा होता.

हिंगणमाळ नावाच्या एका गावात हा भोळा केरबा राहायचा. वय चाळिशीचं, अंगाने धडधाकट, मिशा भरघोस. देवाने सगळं दिलं होतं, फक्त वरचा मजला भाड्याने द्यायला रिकामा ठेवला होता. त्याचे मामा सदानंद यांचा गावात फोटो स्टुडिओ होता. गावातलं प्रत्येक लग्न, बारसं, जत्रा, मिरवणूक मामांनी टिपलेली. ते सगळे फोटो आणि व्हिडिओ आता त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होते, पण कडबा रचावा तसे. हवा तो फोटो काढायचा म्हणजे अर्धा दिवस गेला.

एके दिवशी तानूआत्या स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसल्या. त्यांचे यजमान यशवंतबाबा गावातले सनईवाले. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"सदानंदा, घरात ह्यांचा एकही फोटो नाही रे," त्या म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात वाजवलं, स्वतः कधी फोटोला बसले नाहीत. आता डोळे मिटले तर नाक आठवतं, कपाळ आठवत नाही. वर्षश्राद्धाला समोर ठेवायला एक फोटो दे. तुझ्या लग्नांच्या फोटोंत कुठेतरी असतीलच."

"असणारच आत्या," मामा म्हणाले. "तोवर सगळे फोटो नीट लावून ठेवतो."

आणि हे काम त्यांनी केरबाला दिलं. मामा शहाणे होते असं गाव म्हणायचं. गावाला काय कळतं!

"हे बघ," मामा म्हणाले, "प्रत्येक फोटोला शब्द जोडायचे. त्याला टॅग म्हणतात. नंतर वरच्या चौकटीत तो शब्द टाकला, की तो फोटो समोर येतो. फोटोत जे दिसतं ते लिहायचं. समजलं?"

केरबाने मान डोलावली. केरबाने एकदा मान डोलावली, की ती गोष्ट त्याच्या डोक्यात खिळ्यासारखी बसायची. फक्त खिळा भलत्याच भिंतीत ठोकलेला असायचा.

काही दिवसांनी आप्पा लोहार आले. त्यांना लेकीच्या लग्नाचे फोटो हवे होते. मामांनी चौकटीत 'लग्न' लिहिलं. काहीच आलं नाही. 'नवरी' लिहिलं. काहीच नाही.

"केरबा, शेवंताच्या लग्नाला काय टॅग लावलास?"

"खांब," केरबा म्हणाला.

"खांब?"

"खांब, बादली, सतरंजी आणि झोपलेलं कुत्रं."

"आणि लग्न?"

"मामा, मी लई बारकाईने बघितलं. लग्न कुठं दिसलं नाही. खांब स्पष्ट दिसतो."

आप्पा लोहारांना लेकीचं लग्न 'बादली' लिहून काढून घ्यावं लागलं. पायरीवर बसलेल्या तानूआत्यांनी विचारलं, "आमचे सापडले का रे?"

"आत्या, तुमचे बहुतेक सतरंजीत असतील," केरबा म्हणाला.

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे ठोंब्या, नुसतं दिसतं ते काय लिहितोस? गिऱ्हाईक येऊन काय मागतं, ते लिहायचं. समजलं?"

केरबाने मान डोलावली.

मग तो दारात खुर्ची टाकून बसला. येणारं प्रत्येक माणूस काय मागतं ते कान देऊन ऐकायचा आणि आत जाऊन त्या माणसाच्या फोटोला लिहायचा. पुढच्या आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिका कुंदाबाई आल्या. शिक्षणाधिकारी शाळेत यायचे होते, आणि बाईंना भिंतीवर स्नेहसंमेलनाचे फोटो लावायचे होते.

मामांनी 'स्नेहसंमेलन' लिहिलं. काही नाही. 'शाळा' लिहिलं. काही नाही. मग त्यांनी केरबाकडे बघितलं.

"बाईंच्या फोटोंना 'पाणी' लावलंय," केरबा म्हणाला.

"का?"

"त्या मागे आल्या तेव्हा आधी पाणी मागितलं. मग म्हणाल्या, पंखा लावा. तेही लिहिलंय. मग म्हणाल्या, त्या फोटोत मला जरा बारीक करा."

"बास!" कुंदाबाई ओरडल्या.

"तेही लिहू का?" केरबाने विचारलं.

कुंदाबाई तीस वर्षं मुलांना शिकवत आल्या होत्या. असा विद्यार्थी त्यांनी एकदाच पाहिला होता. तोसुद्धा केरबाच होता.

"आमचे सापडले का रे?" तानूआत्यांनी पायरीवरून विचारलं.

"आत्या, तुम्ही काहीच मागत नाही. नुसत्या सापडले का विचारता. म्हणून तुमच्या नावावर 'सापडले का' लिहून ठेवलंय."

मामा आता चिडले होते, आणि चिडलेला माणूस अर्धवट शिकवतो. "एकदोन शब्दांनी भागत नाही रे! भरपूर शब्द घाल. कुणी काहीही लिहून शोधलं तरी फोटो सापडला पाहिजे. समजलं?"

केरबाने मान डोलावली. आणि त्याला जेवढे शब्द येत होते, तेवढे सगळे त्याने सगळ्या फोटोंना लावले. त्याला फार शब्द येत नव्हते, पण गोंधळ घालायला पुरेसे होते.

त्या वेळी दूध सोसायटीचे चेअरमन रंगराव आले. चेअरमन म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. वाढदिवसाला स्वतःचा फ्लेक्स स्वतःच लावायचे आणि खाली 'शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ' असं लिहायचे. त्यांच्या रेड्याला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला होता. त्या रेड्याचा फोटो त्यांना ऑफिसात लावायचा होता.

मामांनी 'रेडा' लिहिलं. पहिलाच फोटो आला तो चेअरमनांचा. दुसरा त्यांच्या बंधूंचा. तिसरा सोसायटीच्या सगळ्या संचालक मंडळाचा. मग सगळं गाव ओळीने आलं. रेडा शेवटी आला.

"हे काय आहे?" चेअरमनांनी विचारलं.

"कुणी काहीही लिहिलं तरी तुम्ही सापडता, चेअरमन," केरबा अभिमानाने म्हणाला. "'म्हैस' लिहून बघा."

चेअरमन खुर्ची लाथाडून निघून गेले. मग मामा आणि मामी स्वतः बसले. केरबाचे सगळे टॅग पुसले आणि एकेक फोटो बघून नव्याने लिहिले. मामींनी तर कडेला उभ्या असलेल्या माणसांचीही नावं लिहिली. आता कुठलाही फोटो चुटकीसरशी निघायला लागला. आता काही बिघडायला जागाच उरली नाही, असं मामांना वाटलं. पण केरबा उरला होता.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मामांना लांबच्या गावी लग्नाची ऑर्डर आली. निघताना ते म्हणाले, "आज तानूआत्या येतील, वाजंत्री मंडळीही येतील. त्यांना चौकात फ्लेक्स लावायचाय. यशवंतबाबांचा फोटो शोधून फ्लेक्सवाल्याला पाठव. हे बघ, शोधताना फार फोटो आले, तर एकेक शब्द वाढवत जायचं. नको ते गळून पडतात. शेवटी एक उरतो. समजलं?"

केरबाने मान डोलावली.

तानूआत्या आल्या. या खेपेला केरबाने त्यांना पायरीवरून उठवून कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्याने 'यशवंतबाबा' लिहिलं. पडदा फोटोंनी भरला. आणि अगदी पहिला फोटो शेवंताच्या लग्नातला. खांबाला टेकून यशवंतबाबा बसलेले, डोक्याला टोपी, सनई मांडीवर, कशाला तरी हसत होते. कपाळसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

आत्यांनी पदर तोंडाला लावला. "हेच! हेच रे बाबा! सापडले!"

"थांबा आत्या," केरबा म्हणाला. "फार आलेत."

"अरे, मला हा एकच पाहिजे."

"एक उरेपर्यंत थांबायचं नाही. मामांनी सांगितलंय. ते काय वाजवायचे?"

"सनई. हे काय विचारणं झालं?"

केरबाने 'सनई' लिहिलं. थोडे फोटो गेले.

"डोक्याला काय बांधायचे?"

"मानाचं वाजवायचं असलं की फेटा. पण या फोटोत टोपी आहे बघ, आणि हाच..."

केरबाने 'फेटा' लिहिलं. टोपीवाला फोटो गेला.

"अरे, गेला! ते गेले! परत आण त्यांना!"

"गळले आत्या. गळायचेच ते. वाजवायचे कुठं?"

"लग्नात, मिरवणुकीत. केरबा, लेका, मी पाया पडते तुझ्या, तो आधीचा..."

केरबाने 'मिरवणूक' लिहिलं. आता थोडेच उरले.

"उद्या काय आहे?"

"त्यांचं वर्षश्राद्ध आहे रे," आत्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "मला त्यांना हार घालायचाय."

केरबाने 'हार' लिहिलं आणि टाळी वाजवली. एकच फोटो उरला होता. चेअरमन सोसायटीची निवडणूक जिंकले, त्या मिरवणुकीतला. मधोमध चेअरमन रंगराव, डोक्याला फेटा, गळ्यात हार, तोंडभर हसू. मागे एका कडेला, चेअरमनांच्या खांद्याआडून, यशवंतबाबा गाल फुगवून सनई वाजवत होते.

"बघा आत्या! हार आधीच घातलेला आहे! तुमचं काम वाचलं."

"अरे, हा चेअरमन आहे!"

"आत्या, शेवटी जो उरतो तोच आपला."

"माझा नवरा मला ओळखू येत नाही का रे?"

"तुम्हीच म्हणाला होता, कपाळ आठवत नाही म्हणून."

तानूआत्या उठल्या. "सदानंद आला की बघू," एवढं म्हणाल्या आणि घरी गेल्या. पण मामा फोटो पाठव म्हणाले होते. केरबाने तो फोटो तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याला पाठवून दिला. वाजंत्री मंडळींनी संध्याकाळी तिथून फ्लेक्सची गुंडाळी आणली आणि पहाटे न बघताच चौकात बांधून टाकली.

सकाळी गाव उठलं तर चौकात चेअरमन हसत होते. वर ठळक अक्षरांत 'प्रथम पुण्यस्मरण', खाली यशवंतबाबांचं नाव. नाव कुणी वाचलं नाही. आमच्याकडे फ्लेक्सवरचं तोंड बघतात, अक्षरं वाचायची पद्धत नाही. पहिलं स्मरण आहे म्हणजे माणूस जाऊन वर्ष झालं, आणि चेअरमन तर कालच दूध मोजायला उभे होते, एवढा हिशोबही कुणाच्या डोक्यात आला नाही. केरबा एकटाच भोळा, असं उगाच म्हणतात.

व्हाइस चेअरमन पारावर चढून बोलायला लागले, "कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. तरीही ती भरून काढायला मी तयार आहे." दोघंतिघं रडत होते. त्यातला एक जण मोबाइलवर स्वतःचं रडणं टिपत होता.

तेवढ्यात तोंडात ब्रश धरून खुद्द चेअरमन आले. व्हाइस चेअरमन पारावरून खाली पडले. चेअरमनांनी फ्लेक्स नीट न्याहाळला, फेस थुंकला आणि गरजले, "मी मेलो तरी एवढाच फ्लेक्स?"

मामा परगावाहून येऊन नुकतेच एसटीतून उतरले होते. त्यांनी केरबाचा कान धरला. "अरे, काय केलंस हे?"

"तुम्ही सांगितलं तेच," केरबा म्हणाला. "एक उरवला."

मग तानूआत्या आल्या. हातात झेंडूचा मोठा हार. गर्दी बाजूला झाली. आत्यांनी वर बघितलं, चेअरमनांच्या खांद्यामागे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. "कपाळ दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या आणि मामांकडे स्टूल मागितलं.

"आत्या, मधल्याला घाला हं!" केरबाने आठवण करून दिली. "तोच आपला."

"मधल्यालाच घालते रे बाबा," आत्या म्हणाल्या. स्टुलावर चढून त्यांनी तो हार चेअरमनांच्या तोंडावर नीट पसरून बांधला, नाकडोळेमिशांसकट. त्या सकाळी हिंगणमाळच्या चौकात चेअरमन हाराखाली गेले, आणि यशवंतबाबा तेवढे सनई वाजवताना दिसत राहिले.