भर उन्हातला सौदा

माल घेताना विश्वास कोणावर ठेवाल, सांगा बरं? दुकानदारावर? मग आमच्या उत्तमशेटांची फजिती ऐका.

भुसावळात त्यांचं टोप्यांचं दुकान. कौतिकबाई रस्त्याकडेला टरबुजं विकायची. मागच्या मे महिन्यात ऊन लागून पडली होती. यंदा तिला रुंद काठाची टोपी हवी होती. तिनं मऊ सुती टोपी उचलली, तशी शेटांनी चकचकीत, जाड कापडाची महागडी पुढे केली.

"ही घ्या बाई. चाळीस वर्षांचा अनुभव सांगतोय. डोक्यावर बर्फ ठेवल्यागत वाटेल."

"मग ती तुम्ही घाला, ही मी घालते. चला, भाव बाहेर उन्हात करू."

शेट ऐटीत बाहेर आले. पाचव्या मिनिटाला घामाच्या धारा लागल्या आणि ते अनुभवासकट सावलीत पळाले. कौतिकबाई उन्हातच उभी.

"शेट, तुमचा बर्फ लई लवकर वितळला की!"

शेटांना स्वतःचंच हसू आलं. "काय करणार बाई, चाळीस वर्षं मी पंख्याखालीच बसून होतो!"

त्यांनी मुकाट्यानं सुती टोपीचा भाव सांगितला.

मंडळी, हिशेब तेवढा इमानदारीनं ठेवा: टोपी विकली शेटांनी, पण पारखली कौतिकबाईनं.