हलका योक

जनावरं गप्प झाली आणि वस्तू बोलू लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. शार्दूल गद्रे घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा. त्यासाठी हातात धरायचं हँडल, म्हणजे योक, घ्यायला तो दुकानात गेला. तिथे दोन योक होते.

जड योक म्हणाला, "विमान पडायला लागलं की मी थरथरतो. हात भरून येतील तुझे."

हलका योक म्हणाला, "मी नाही बाबा थरथरत. पडलं तर पडलं! बटण दाबायचं, पुन्हा उडायचं."

शार्दूलने हलका उचलला. मग तो गंमत म्हणून विमानं डोंगरावर आपटायचा, समुद्रात बुडवायचा आणि हसत बटण दाबायचा.

एका दुपारी त्याने बटण दाबलं आणि खुर्चीमागे सीटबेल्ट लावल्याचा खट्‌ आवाज झाला. मग दुसरा. मग खोलीभर खटखट. त्याने वळून पाहिलं, तर नुसती भिंत.

"कोण आहे?"

"तुझे प्रवासी," योक म्हणाला. "दर वेळी तेच असतात. बटण दाबून तूच तर त्यांना परत बसवतोस."

शार्दूलने योक घट्ट धरला. तो इतका हलका होता, की विमान वर चाललंय की खाली, हाताला काही कळेना.

मानेजवळ एक म्हातारा आवाज आला, "लेका, या वेळी तरी पोहोचवशील ना रे?"