घाटाखालची राखणदार

माणसांनी अजून रान तोडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. घाटमाथ्यावर सातभाई पक्ष्यांचा एक थवा होता. वादळात त्यांच्यातला एक गेला आणि सहाच उरले, म्हणून घाटाखालून आलेल्या एका पाखरीला त्यांनी आपल्यात घेतलं.

सहा जण किडे टिपत असताना सातव्याने फांदीवर बसून राखण करायची, अशी त्यांची रीत. पहिल्याच दिवशी ती ओरडली, "शिकरो इलो, शिकरो इलो!" सगळे झुडपात दडले आणि वाचले. मग बाहेर येऊन पोट धरून हसले.

"इलो काय गं? शिक्रा आला म्हणावं," थोरला म्हणाला. मग रोज तिच्या नकला होऊ लागल्या. धाकटा तेवढा हसत नसे. त्याला तिचं बोलणं आवडायचं.

पुन्हा तिची पाळी आली. शिक्रा तिला लांबूनच दिसला. तिने चोच उघडली आणि क्षणभर थांबली. तेवढ्यात शिक्र्याने धाकट्याला उचललं.

"दिसला होता, तर ओरडली का नाहीस?" थोरल्याने विचारलं.

"तुमच्यासारखं कसं म्हणायचं, ते आठवत होते."

हे मात्र ती अगदी त्यांच्यासारखं बोलली. कुणी हसलं नाही.