दुसऱ्याची पट्टी

“मग माझ्यात कमी काय होतं, बुवा?”

अच्युतने हे विचारलं तेव्हा मी रेवणबुवांना पेपर वाचून दाखवत होतो. बुवांची नजर गेल्यापासून मिरजेतल्या त्यांच्या घरी रोज सकाळी हे काम माझ्याकडे असतं. मी त्यांचा पेटीवाला. अच्युत आणि जनार्दन त्यांचे शिष्य, दोघांनी एकाच दिवशी गंडा बांधून घेतलेला.

त्या दिवशी पेपरात नेमका जनार्दनच होता. मोठा पुरस्कार, वर परदेश दौरा. माझ्या जिभेला हाड नाही. अच्युत समोर बसलाय हे दिसत असून मी सगळं मोठ्यानं वाचलं होतं.

“रियाज मी त्याच्यापेक्षा जास्त केला,” अच्युत म्हणाला. “त्याला मैफली. आणि मला... मला गणपतीतसुद्धा कुणी बोलवत नाही.”

बोलताना त्याचा आवाज फाटत होता. एके काळी याच माणसाचा षड्ज ऐकून बुवा भरल्या ताटावरून उठून आले होते. वाईट वाटतं हो.

“तंबोरा लाव,” बुवा म्हणाले.

अच्युतने तंबोरा जुळवला. तारा दोनदा फिरल्या असतील नसतील...

“ही कुणाची पट्टी?”

अच्युतने तारांवर हात ठेवला.

“पेटीची पांढरी दोन आहे ही, एक सूर वरची. तुझा गळा पांढरी एकचा. पेटीवाल्यालाही कळतंय ते.”

मला कळलं होतंच. पण मी कशाला मध्ये बोलू?

“जनार्दन यातच गातो,” अच्युत म्हणाला. “लोकांना चढा आवाज लागतो, बुवा. म्हटलं, आपणही...”

“कधीपासून?”

“अकरा वर्षं झाली.”

“आणि गळा?”

“गाठी आल्यात. डॉक्टर म्हणतात, असंच गात राहिलात तर बोलणंही जाईल.”

बुवांनी हात पुढे केला. चाचपडत खुंट्या धरल्या आणि एकेक तार खाली उतरवली. घाई केली नाही. पांढरी एक लागली तसा तंबोरा त्याच्या मांडीवर परत ठेवला.

“म्हण. हळू... एकदाच.”

अच्युतने सा लावला. म्हणजे लावू पाहिला. नुसता वारा आला.

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा वाराच.

मी पेपरची घडी घालायला लागलो. रडू आलं की मी काहीतरी आवरायला घेतो, जुनी खोड आहे.

अच्युतने तंबोरा मांडीवरून उतरवून ठेवला.

“जाऊ द्या,” अच्युत शेवटी म्हणाला. “तुम्हाला जनार्दन आहे की. तुमचं नाव तो चालवतोय. माझ्यावाचून तुमचं काय अडलंय?”

बुवांनी त्याचा गळा चाचपला. हात तिथंच राहिला.

“जनार्दनाला ऐकायचं झालं तर रेडिओ आहे,” ते म्हणाले. “तुला ऐकायचं झालं तर मी कुणाकडे जाऊ, अच्युता?”